सोबतीवाचून काशी

काशीला निघालेल्या माणसाला आपल्याकडे "पैसे किती लागतील?" असे विचारण्याआधी "सोबत कोण आहे?" असे विचारले जाते. माझ्या आत्याला या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षे सापडले नाही. शिवणकाम करून तिने काशीसाठी पैसे बाजूला ठेवले होते. परंतु कधी दिरांना रजा मिळाली नाही, तर कधी शेजारणीचा बेत मोडला. अखेर तिच्या गुडघ्यांनीच नकार दिला. तेव्हा गेल्या हिवाळ्यात, शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा काढून, मी एकटीच वाराणसीला जाऊन आले. त्या प्रवासावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, सामान्य मिळकतीच्या माणसाने एखादे मोठे शहर एकट्याने आणि थोडक्या खर्चात पाहणे शक्य आहे. एवढेच नव्हे, तर ते आवश्यकही आहे.

पूर्वी सोबतीचा आग्रह धरला जाई, त्याला सबळ कारण होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वाटेत त्यांची लूट झाली, प्राणावरही बेतले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. अशा काळात एकट्याने निघणे म्हणजे जिवाशी खेळ होता. आज मुंबईहून सुटणारी आगगाडी एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात वाराणसीला पोहोचवते. रस्ते बदलले, वाहने बदलली. मनातील भीती मात्र तेवढीच राहिली.

माझा खर्च मी वहीत लिहून ठेवला होता. सर्वांत मोठी रक्कम शयनयान डब्याच्या तिकिटाची होती. त्याखालोखाल राहण्याचा खर्च. मग सकाळची कचोरी-भाजी, दुपारचे साधे जेवण आणि सामायिक रिक्षाचे भाडे. शहर पाहण्यासाठी मात्र जवळजवळ काहीच द्यावे लागले नाही, कारण ते मी पायी पाहिले. येथे गंगा उत्तरेकडे वाहते. तिच्या पश्चिम तीरावर अस्सीपासून उत्तरेकडे राजघाटाच्या दिशेने घाटांची रांगच लागलेली आहे. हिवाळ्यात पाणी ओसरलेले असते, त्यामुळे एका घाटावरून दुसऱ्या घाटावर पायऱ्यांवरूनच जाता येते. पावसाळ्यात हेच घाट पाण्याखाली जातात. म्हणून ऋतू पाहून निघणे हीसुद्धा एक बचतच आहे.

मणिकर्णिका घाटावर चिता जळत होत्या. तेथे छायाचित्र काढू नये, हे कोणी सांगण्याची वाट पाहू नये. पुढे भोसले घाट लागला, मग पंचगंगा घाट. एकनाथ महाराजांनी आपला भागवतावरील ग्रंथ १५७३ साली याच नगरीत पूर्ण केला. पंचगंगेला लागूनच दुर्गाघाट आहे. आत्याच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेले नाव हेच. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी हा घाट व शेजारचा ब्रह्माघाट बांधविला आणि या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. नाना फडणविसांचा वाडाही येथेच आहे.

घाटावरील उंच पायऱ्या चढून मी गल्लीत शिरले आणि वाट चुकले. सोबत असती तर आम्ही आपापसांत बोलत राहिलो असतो. एकटी होते म्हणून दारात तांदूळ निवडत बसलेल्या एका वृद्ध बाईंना मोडक्या हिंदीत रस्ता विचारला. माझ्या हिंदीवरूनच त्यांनी ओळखले आणि विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" त्यांचे मराठी थोडे निराळ्या वळणाचे होते. कित्येक पिढ्या त्यांचे घर तेथेच होते. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता. त्यांनी पाणी दिले, वाट दाखवली आणि "एकटीच आलात?" असे विचारले. त्या प्रश्नात ठपका नव्हता, कौतुक होते. एकटा प्रवासी विचारल्यावाचून राहू शकत नाही आणि विचारल्यावाचून शहर उलगडत नाही, हे मला त्या दारात समजले.

यावर कोणी म्हणेल, "हे बोलणे सोपे आहे, स्त्रीने एकटीने परक्या शहरात फिरणे धोक्याचे नाही काय?" धोका नाही असे मी म्हणणार नाही. म्हणूनच मी उजेडी पोहोचेल अशी गाडी निवडली, मुक्कामाचा पत्ता घरी कळवला, नावेचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवले आणि रात्री सामसूम गल्ल्यांत गेले नाही. पण सावधगिरी बाळगणे वेगळे आणि घरी बसणे वेगळे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. परंतु अंथरूण लहान आहे म्हणून पाय जन्मभर दुमडूनच ठेवावेत, असे त्या म्हणीत कोठेही सांगितलेले नाही.

मला खरी अडचण आली ती रस्त्यावर नव्हे, मुक्कामाच्या दारात. एका धर्मशाळेत खोल्या रिकाम्या होत्या, माझ्याजवळ ओळखपत्र होते, तरीही "एकट्या व्यक्तीला खोली देत नाही" असे सांगून मला परत पाठवण्यात आले. दुसरीकडे जागा मिळाली, पण जास्त पैसे मोजून. अनेक यात्रास्थळी हा नियम पाळला जातो आणि पुरुषांनाही तो चुकत नाही. त्यामागे व्यवस्थापकांची काही चिंता असेल. परंतु ओळखपत्र पाहावे, घरचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, नोंद करावी आणि खोली द्यावी. धर्मशाळा बांधल्या गेल्या त्या वाटसरूसाठी. ज्याला कोणाची सोबत नाही, त्यालाच तर निवाऱ्याची गरज अधिक असते. त्यालाच दार बंद करणे हे दानशूरांच्या हेतूशी विसंगत आहे. हा नियम बदलला पाहिजे.

घरी परतल्यावर आत्याला गंगाजलाची लहानशी कुपी दिली. तिने ती कपाळाला लावली आणि विचारले, "दुर्गाघाटावर कोणी आपल्या भाषेत बोललं का गं?" मी त्या वृद्ध बाईंची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सोबत तिथंच होती. मी उगाच इथं शोधत बसले."