तर्रीची पिशवी आणि चहाचा कप

मिसळीच्या पार्सलमध्ये पाव कागदात येतो, फरसाण पुडीत येते आणि उकळती तर्री मात्र पातळ पिशवीत गाठ मारून दिली जाते. कार्यालयांत टपरीवरून येणारा चहाही अशाच पिशवीतून येतो, सोबत कागदी कपांची चवड असते. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांच्यावर देशभर बंदी घातली. पिशवीची किमान जाडी त्याच वर्षाच्या अखेरीस १२० मायक्रॉन झाली. म्हणजे कायद्याच्या कागदावर तर्रीची ती पिशवी केव्हाच हद्दपार झाली आहे. प्रत्यक्षात ती रोज संध्याकाळी घरोघर पोहोचते.

या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा गटारापासून सुरू होते, आणि त्यालाही कारण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईच्या तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या किती अडकल्या आहेत, हे सगळ्यांना दिसले. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातून शस्त्रक्रिया करून काढलेले पिशव्यांचे गोळेही पशुवैद्यकांना नवे नाहीत. पण नाला आणि गाय या दोन्ही गोष्टी माणसाला आपल्या ताटापासून दूरच्या वाटतात. तर्रीची पिशवी तशी नाही.

प्लास्टिक म्हणजे नुसता एक पदार्थ नव्हे. लवचीकपणा, रंग, टिकाऊपणा यांसाठी त्यात इतर रसायने मिसळलेली असतात आणि ती प्लास्टिकच्या रेणूंना घट्ट बांधलेली नसतात. अन्न जितके गरम, जितके तेलकट, जितके आंबट आणि जितका जास्त वेळ पिशवीत राहील, तितकी ही रसायने अन्नात उतरण्याचा वेग वाढतो. मिसळीची तर्री गरमही असते आणि तेलकटही. सांबार गरम आणि आंबट. अन्नासाठी बनवलेल्या प्लास्टिकला निदान काही प्रमाणके लागू होतात. टपरीवरची रंगीत पिशवी बहुधा कशापासून बनली आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. काळ्या किंवा गडद रंगाच्या पिशव्यांत तर पुनर्वापराचे, कुठून आले याचा पत्ता नसलेले प्लास्टिक असण्याची शक्यता अधिक.

कागदी कपाबाबत गैरसमज मोठा आहे. कागद पाणी शोषतो, म्हणून कपाच्या आतल्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी पंधरा मिनिटे ठेवून पाहिले. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरलेले आढळले. दिवसाला तीन कप पिणाऱ्याच्या पोटात या हिशेबाने ७५ हजार कण जातात. चहा पंधरा मिनिटे कपात कोण ठेवतो, असा प्रश्न विचारता येईल. बैठका चालणाऱ्या कुठल्याही कार्यालयात त्याचे उत्तर मिळेल.

हे कण शरीरात जाऊन काय करतात, याबद्दल मात्र समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांइतक्या खात्रीने विज्ञान बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. नेदरलँड्समधील संशोधकांना २०२२ मध्ये २२ निरोगी रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होते, आणि सुमारे ३४ महिन्यांच्या काळात या रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा साडेचार पट अधिक दिसला. प्लास्टिकमुळेच हे घडले, असे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांच्या शरीरात प्लास्टिक जास्त, त्यांचे राहणीमान, आहार, आसपासची हवा यांतही फरक असू शकतो. पण साडेचार पट हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि स्टीलचा डबा वापरण्यासाठी शेवटच्या पुराव्याची वाट पाहण्याची गरजही नाही. डब्यापायी कुणाचे काही बिघडत नाही.

म्हणून घरातले प्लास्टिक कमी करायचे तर सुरुवात गरम पदार्थांपासून व्हावी. सगळेच एकदम सोडायचे म्हटले की चार दिवसांत उत्साह मावळतो, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे. पार्सल आणायला जाताना पिशवीत दोन डबे टाकणे एवढे एक पाऊल पुरे आहे. मटण-मासे आणायला डबा घेऊन जाण्याची पद्धत कोकणात आणि गावोगावी होतीच. दुकानदार वजनाची अडचण सांगतो, पण आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवून एक बटण दाबले की काटा शून्यावर येतो. तेवढ्यासाठी कुरकुरणारा दुकानदार चार गिऱ्हाइकांनी डबे आणले की कुरकुर थांबवतो.

कापडी पिशवीबद्दल थोडे खरे बोलायला हवे. बाजारात कापडासारखी दिसणारी, हाताला खरखरीत लागणारी जी रंगीत पिशवी मिळते, ती बहुधा कापडाची नसतेच. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. काही महिन्यांत तिचे तंतू सुटू लागतात. आणि खरी सुती पिशवीही फुकटात पर्यावरण वाचवत नाही. कापसाला पाणी लागते, फवारणी लागते, गिरणीला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, हवामानबदलाच्या दृष्टीने सुती पिशवी एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. परिषदा, लग्ने, दुकानांची उद्घाटने अशा प्रत्येक ठिकाणी नव्या कोऱ्या छापील कापडी पिशव्या वाटण्याची जी टूम निघाली आहे, तिचा विचार या आकड्यासमोर बसून करायला हवा. जुन्या साडीची, चादरीची, पँटच्या पायाची शिवलेली पिशवी हा हिशेब पहिल्या दिवशीच जिंकते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नसतो. महिला बचत गटांना काम द्यायचे तर ते असे द्यावे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा ही आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून ठेवली तर ती भंगारवाला घेतो, कारण ती एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. कापलेला तिकोनी तुकडा मात्र कुणीच उचलत नाही. कचरा वेचणाऱ्यांचे अर्थकारण वजनावर चालते. बाटली त्यांना परवडते. पातळ पिशवीचे किलोभर वजन भरायला शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात, मग तुकड्याचे नावच नको. पिशवी कापताना कोपरा पूर्ण वेगळा न करता लटकता ठेवला तर तो पिशवीबरोबर जातो. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापून ती परत घेण्याची तरतूद होती. ती नीट राबवली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

शाम्पू, गुटखा, वेफर्स यांच्या पुड्यांचे मात्र घराघरांतून फारसे काही होणार नाही. त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही. हा प्रश्न उत्पादकांचा आहे, आणि नियमांनी तशी जबाबदारी त्यांच्यावर टाकलेलीही आहे. पालिकेचे पथक भाजीवालीला पाच हजारांचा दंड करते, त्याच जोमाने या पुड्यांच्या मालकांकडे कधी गेले, तर बंदीविषयी लोकांच्या मनात असलेला संशय बराच कमी होईल. राहिलेला कचरा पेटवून देणे हा गावागावांतला उपाय तर सगळ्यांत वाईट. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिन्स तयार होतात, आणि चूल पेटवायला पिशवी वापरली जाते तिथे तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच छातीत जातो.

टपरीवर काचेचा ग्लास मागावा, असे सांगणे सोपे आहे. पण एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बुचकळून काढलेल्या ग्लासापेक्षा कागदी कप बरा, असे करोनाच्या साथीनंतर अनेकांना वाटू लागले, आणि ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. कावीळ आणि जुलाबाचे आजार अस्वच्छ पाण्यातून पसरतात, हे टपरीवाल्यालाही माहीत असते. त्याची अडचण वेगळीच आहे. त्याच्याकडे नळ नाही. पहाटे कुठून तरी भरून आणलेले दोन कॅन त्याला दिवसभर पुरवायचे असतात. त्यातून चहाही करायचा आणि ग्लासही विसळायचे. फेरीवाल्यांसाठीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये आला, त्यानुसार शहरांनी फेरीवाला क्षेत्रे आखायची आहेत. ती आखताना दहा टपऱ्यांमागे एक वाहता नळ आणि सांडपाण्याची एक मोरी दिली, तर त्या रस्त्यावरचे कागदी कप किती कमी होतात, हे कुठल्याही महापालिकेला सहा महिन्यांत मोजून पाहता येईल.