ट्यूब चोळण्याआधी, टाकळा मारण्याआधी

पेण-रोह्याच्या आयाबहिणींनो, भावांनो,

पाऊस तोंडावर आलाय. लावणीला दिवसदिवस चिखलात उभं राहावं लागेल. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचं काम रात्री उशिरापर्यंत चालेल. धाटावच्या कंपन्यांत घामाने भिजलेले कपडे अंगावरच सुकतील. आणि जांघेत, कमरेला, बोटांच्या बेचक्यात गजकर्ण उठेल. लाजेने कुणी बोलणार नाही. मेडिकलमधून गुपचूप एक ट्यूब येईल.

ती ट्यूब आधी उलटून वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन असं लिहिलंय? मग ती स्टेरॉइडची आहे. दोन दिवसांत खाज बसते, लाली उतरते, आपण खूश. गजकर्णाची बुरशी मात्र पसरतच राहते आणि कातडी पातळ होत जाते. आईच्या टॉवेलवरून ही बुरशी लेकराच्या अंगावर जाते. अशी ट्यूब मनाने लावू नका. लावत असाल तर डॉक्टरांना सांगा. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे कडकडीत वाळवा, आणि खाज थांबली म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका.

कारण औषधंच हरू लागली आहेत. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या अंगावरच्या एका बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी नवं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याचं २०२३ साली जाहीर झालं. नवं औषध हवंय, आणि लवकर हवंय.

ते कुठून येणार? ग्रिसिओफुल्विन हे गजकर्णावरचं जुनं औषध १९३९ साली एका बुरशीतूनच मिळालं होतं. आपल्या बांधावरचा टाकळाही साधा नाही. पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी आपण कांदा घालून खातो, उरलेल्यावर तणनाशक मारतो. त्याच टाकळ्यातून बुरशीला मारणारं द्रव्य वेगळं केल्याचं दोन भारतीय संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलं. पण द्रव्य सापडणं म्हणजे औषध होणं नव्हे. किती लावायचं, कुणाला चालतं, किती दिवस, हे तपासावं लागतं. म्हणून पाला वाटून लगेच चोळू नका. लहान मुलांना तर नकोच.

तुम्ही करायचं ते वेगळं आहे. आजीला विचारा. वाडीवरच्या कातकरी म्हाताऱ्यांना विचारा: गजकर्णाला काय लावायचे? पाला की बी? ताजं की वाळवलेलं? ताकात की करंजेलात? त्यांच्यापैकी एक माणूस गेला की एक औषध कायमचं जातं, आणि आपण दरवर्षी अशी माणसं पोचवून येतोय.

ही माहिती लिहायची जागा आहेच: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावात लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामपंचायतीत जा, ती मागा. कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. जाणत्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावानिशी नोंद करा. उद्या त्यातून औषध झालं तर फायद्यात त्यांचा वाटा मागता आला पाहिजे. संशोधक दारात आले तर बसवून घ्या, पण आधी ग्रामपंचायतीत नेऊन विचारा: काय नेताय, कशासाठी?

लावणी लागली की कुणालाच सवड नसते. याच आठवड्यात जा.