मरतुकड्या गव्हाचा नंबर

गेल्या पंधरवड्यात एका गावी जैवविविधता नोंदवही पाहायला मिळाली. पिकांच्या पानावर एवढेच लिहिले होते : ‘ज्वारी – गावरान.’ कोणती गावरान, कोणाच्या रानातली, कशासाठी पेरतात, काही नाही. ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, ज्वारी ती ज्वारी. त्यात काय लिहायचं?”

त्यांना मी जॅक हार्लन यांची हकिकत सांगितली, तीच इथे देतो.

हार्लन (१९१७–१९९८) हे अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ. पिकांचे वाण गोळा करायचे, त्यांचे रानटी सोयरे शोधायचे, कोण कोणाच्या कुळातला ते लावायचे, यातच त्यांची हयात गेली. १९४८ साली ते तुर्कस्तानात बियाणे गोळा करत हिंडत होते. तिथे त्यांनी गव्हाचा एक नमुना घेतला. आपल्यापैकी कोणी तो पाहिला असता तर बांधावरूनच माघारी फिरला असता. उंच वाढणारा, काडी बारीक, लोळणारा, पानावर तांबेरा, कडक थंडीत न टिकणारा, पावालाही निकामी. तरी हार्लननी तो पिशवीत भरला, कुठून आणला ते लिहिले. तिकडच्या सरकारी संग्रहात त्याला नंबर मिळाला, १७८३८३. पंधराएक वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात गव्हावर पिवळा तांबेरा उठला. संग्रहातले वाण तपासले तेव्हा हाच मरतुकडा गहू पिवळ्या तांबेऱ्याच्या चार प्रकारांना आणि काणीच्या पस्तीस प्रकारांना दाद देत नाही असे दिसले. मग त्या भागातल्या गहू पैदाशीत तो कामाला आला. पिशवीवर चिठ्ठी नसती तर? बी असूनही नसल्यासारखेच झाले असते.

याच हार्लननी १९७२ साली यान डी वेट यांच्या जोडीने आपल्या ज्वारीचीही वर्गवारी लावली. त्याआधी १९३६ मध्ये स्नोडेन यांनी लागवडीच्या ज्वारीच्या एकतीस जाती मानल्या होत्या. एवढ्या ध्यानात कोण ठेवणार? या दोघांनी दाणा आणि त्यावरचे बोंड पाहून पाच मुख्य गट केले, बाकीचे त्यांचे संकर. आपली मालदांडी यातल्या ‘डुर्रा’ गटातली.

आणि खरे सांगायचे तर अशी वर्गवारी आपल्या घरातल्या आजीला येतेच. हुरड्याला गुळभेंडी, भाकरीला मालदांडी, लाह्यांची वेगळी. तिची लिहिलेली नसते, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, हे साहेब आता जुने बी पेरा म्हणतात काय? अजिबात नाही. सुधारित वाण गावात पोचवणे हेच माझे काम. पण मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडूनच काढली ना? निवडायला मुळात काही शिल्लक लागते.

यात मीही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला लाह्यांच्या ज्वारीची दोन कणसे दिली होती, “लेकरा, जपून ठेव” म्हणून. मी ती कपाटावर ठेवली. नाव नाही, गाव नाही. पावसाळ्यानंतर पाहिले तर सोंड्यांनी भुगा केला होता. दुसरी मागायला गेलो तेव्हा बाबा वारले होते आणि त्या रानात ऊस होता.

म्हणून माझे सांगणे, नोंदवही शेजारच्या गावाची पाहून उतरवू नका. २००२ च्या कायद्याने ती मागितली आहे म्हणून नव्हे, तर गावातली माहिती दुसऱ्या कुठेच मिळणार नाही म्हणून. वाणाचे गावातले नाव, कणीस घट्ट की मोकळे, दाण्याचा रंग, किती दिवसांत येते, कोणाच्या घरी बी आहे, एवढे लिहिले तरी पुष्कळ.

भाऊसाहेबांनी हुरड्याच्या दिवसांतली एक तारीख दिली आहे. शिवारफेरीला दोन आज्या येणार आहेत. रानापर्यंत गाडी जात नाही, म्हणून सरपंचबाई बैलगाडी देणार आहेत.