घरची शाळा आणि वेळेचा हिशेब

वेळापत्रक म्हणजे काय, हे आम्हां वसई-विरारकरांना कोणी शिकवायला नको. विरारहून सुटणाऱ्या लोकलच्या मिनिटावर इथल्या घरांत चहा उकळतो, डबे भरले जातात आणि आंघोळीचे नंबर लागतात. पण त्याच घरातली एखादी मुलगी शाळेत न जाता घरी बसून शिकत असेल, तर तिच्या अभ्यासाला मात्र वेळ ठरलेली नसते. 'ती काय, घरीच आहे. केव्हाही करील,' असे सारे म्हणतात. आणि 'केव्हाही' करायचा अभ्यास कधीच होत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

मी दहावीची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरी राहून दिली. आज बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसले असताना त्या वर्षाविषयी माझी काही मते बनली आहेत. ती वाचकांपुढे ठेवते.

घरी शिकणारी मुले दोन तऱ्हेची असतात. काहींचे आईवडील विचारपूर्वक त्यांना शाळेतून काढतात. मुंबईच्या मालविका राज जोशी हिला तिच्या आईने सातवीनंतर घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळवले. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आय.आय.टी.चे दार तिला बंद होते, पण २०१६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.ने तिला प्रवेश दिला. वर्तमानपत्रांनी मुलीचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु त्यासाठी आईने आपली नोकरी सोडली होती, ही गोष्टही विसरू नये. घरच्या शाळेचा वेळ कोणाच्या तरी दिवसातूनच काढावा लागतो.

दुसरी तऱ्हा आमच्यासारख्यांची. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते, कोणी बापाबरोबर होडीवर जातो, कोणाच्या घरी आजारपण असते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांपर्यंतचा. त्यापुढे शाळा सुटली, तर बोर्डाची परीक्षा बाहेरून द्यायची किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नाव घालायचे. तिथे एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकाच दमात द्यावे लागत नाहीत. म्हणजे वेळ आहे. प्रश्न तो कोणाच्या ताब्यात आहे, हा आहे.

पुष्कळजण पहिल्या दिवशी शाळेचे वेळापत्रकच भिंतीवर चिकटवतात : आठ तास, मधली सुट्टी, पुन्हा तास. हे टिकत नाही, आणि टिकू नये. एका शिक्षकाला साठ मुले सांभाळायची असतात, म्हणून ते तुकडे. २०२० साली टाळेबंदीत मोबाइलवरून शाळेचे तास घरात आले, तेव्हा एका खोलीत दोन भावंडे, एक फोन आणि शेजारी शिजणारा भात, यात त्यांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

खरे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आठव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत शिकवले. कुटुंब तीर्थयात्रेत भटकत होते, आईला दिवसभर कामे होती. म्हणून संस्कृतचे पाठ उजाडण्यापूर्वी होत. शाळा नाही, घंटा नाही. पण पहाटेची वेळ मात्र ठरलेली. याच मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' ही पदवी दिली. याउलट न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई लग्नानंतर, १८७३ पासून, घरी शिकू लागल्या. शिकवणारा पती होता, पण घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यांचे वाचन खपत नसे. त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते, की घरात शिकणाऱ्या बाईला धड्यापेक्षा घरच जड जाते.

आज टोमणे कमी झाले आहेत, हाका कमी झालेल्या नाहीत. पाण्याचा टँकर आला, कुरिअर आला, गॅस आला, दार उघड. आजीला औषध दे. भाऊ शाळेत 'शिकायला' गेलेला असतो. बहीण घरात 'असते'. म्हणून माझे मत असे, की घरी शिकणाऱ्या मुलीचे वेळापत्रक तिच्यापेक्षा घरातल्या इतरांनी पाळायचे असते.

माझे वेळापत्रक कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून स्वयंपाकघरात टांगलेले होते. लोकलवाली माणसे बाहेर पडली की आठ ते साडेदहा गणित आणि विज्ञान. या वेळात हाक मारायची नाही. दुपारी भाषा आणि इतिहास, कंटाळा आला तर नुसते वाचन. संध्याकाळी एक तास घरकाम, भावासह. बुधवारी दुपारी मैत्रिणींकडे, कारण पंधरा-सोळाव्या वर्षी एकटे शिकणे मनाला मानवत नाही. शनिवारी ११ वाजता, बोर्डाच्या पेपराच्याच वेळी, एक जुना पेपर घड्याळ लावून. बाकीचा वेळ मोकळा. पहिल्या महिन्यात आईने हाका मारल्या. दुसऱ्या महिन्यात तीच शेजारणीला म्हणू लागली, 'आता नको, तिचा तास चालू आहे.'

यावर कोणी म्हणेल, की ज्या घराला पोरीच्या कामावाचून चालत नाही, तिथे ही चैन कशी परवडेल? याचे उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली : शाळाच कुरणात गेली. मुलाचे काम त्यांनी नाकारले नाही, पण कामाने त्याचा सगळा दिवस खाऊ नये अशी सोय केली. आम्ही मागतो तेही एवढेच. तीन तास काम असेल तर तीन तास असे कागदावर लिहा. चौथा तास मागू नका.

आपल्या महाविद्यालयातल्या प्रत्येकाच्या गल्लीत सतरा नंबरचा फॉर्म भरलेली एखादी मुलगी नक्की असेल. तिला आपली जुनी पुस्तके आपण देतोच. आठवड्यातून एक तास तिच्या घरी जाऊन बसावे, आणि तेवढा वेळ तिच्या नावाची हाक आली तर आपण उठावे.