बर्फाच्या बादलीने चरबी तपकिरी होत नाही

गिरगावातल्या आमच्या चाळीत पहाटे साडेपाचला माझा पुतण्या बर्फाचे दोन ट्रे बादलीत रिकामे करतो आणि मोरीत बसून ते पाणी दात वाजेपर्यंत अंगावर घेतो. "काका, पांढरी चरबी तपकिरी होते, मग बसल्या जागी जळते," हे त्याने जिममध्ये ऐकलेलं. फडताळात त्याच गुणाच्या कॅप्सूलची बाटलीही आहे. पोराच्या जिद्दीचं मला कौतुक आहे. म्हणूनच त्याच्या गळी जे उतरवलं गेलंय ते खोटं आहे, हे स्पष्ट सांगतो.

मूळ शास्त्र खरं आहे, आणि विलक्षण सुंदर आहे. थंडी लागली की मज्जातंतू चरबीच्या पेशीपाशी नॉरएपिनेफ्रिन सोडतात. त्या इशाऱ्याने पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन कामाला लागतं, पेशीतल्या तंतुकणिका वाढतात आणि त्यांच्या आतल्या पडद्यात यूसीपी-१ नावाची वाट उघडते. एरवी प्रोटॉनच्या ज्या दाबावर पेशीचं इंधन, एटीपी, तयार होतं, तो दाब या वाटेने सुटतो आणि त्याची नुसती ऊब होते. मोठ्या माणसांतही अशी ऊब देणारी तपकिरी चरबी जागी असते, हे २००९ साली एकाच वेळी छापलेल्या तीन अभ्यासांनी दाखवलं.

पण उंदराची पांढरी चरबी रंग बदलते म्हणून माणसाचीही बदलेल, हे गृहीत कुणी धरलं? प्रयोगशाळेतला उंदीर साधारण २२ अंशांत राहतो. त्याला सुखाचं वाटतं ते ३० अंशांच्या आसपास, म्हणजे बिचारा कायम गारठलेलाच. गिरगावकराचा मात्र घाम सुकत नाही. नेदरलँड्समध्ये माणसांना दहा दिवस, रोज सहा तास, १५-१६ अंशांत बसवलं. त्यांची आधीची तपकिरी चरबी जास्त जोमाने काम करू लागली. पोटाच्या कातडीखालची पांढरी चरबी होती तशीच राहिली. साठ तासांत जे झालं नाही, ते मोरीतल्या पाच मिनिटांत कसं होईल?

औषधाचंही तेच. मिराबेग्रॉन ही लघवीच्या तक्रारीवरची गोळी तपकिरी चरबीलाही चेतवते. २०१५ च्या प्रयोगात बारा तरुणांना नेहमीच्या चौपट, २०० मिलिग्रॅम दिली. ऊर्जेचा खर्च दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरींच्या हिशेबाने वाढला, पण हृदयाचे ठोकेही वाढले. डायनायट्रोफेनॉल तर तंतुकणिकांतला हाच दाब सोडतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी ते बारीक होण्यासाठी घेतलं, कुणाला मोतीबिंदू झाला, कुणी जिवानिशी गेलं.

आपला प्रश्न चरबीच्या रंगापेक्षा तिच्या जागेचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटकुळ्या दिसणाऱ्या आपल्या शरीरात चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. शिवाय नेदरलँड्समध्येच दक्षिण आशियाई तरुणांची तपकिरी चरबी तिथल्या गोऱ्या तरुणांपेक्षा कमी भरली. तेव्हा हे संशोधन इथे, आपल्या उकाड्यात, आपल्या लोकांवर व्हायला हवं, आणि त्यासाठी पैसा मागायला आपण लाजू नये.

तोवर पुतण्याला मी शिंप्याची टेप दिली आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. त्याची ९४ भरली. तुम्हीही आज मोजा, आणि जास्त भरली तर कॅप्सूलवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासून घ्या.