तीन आणे चुकले, म्हणून प्रश्न चुकला?

डॉ. राममनोहर लोहियांच्या संसदेतल्या कामगिरीचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो : भाषणे गाजली, पण हाती काय लागले? पुरावा म्हणून ऑगस्ट 1963 ची चर्चा पुढे केली जाते. आचार्य कृपलानींनी मांडलेला तो लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव. बाजूने 62 मते पडली, विरोधात 347. लोहिया त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते त्यांनी तिथे चुकीचा आकडा फेकला, पंतप्रधानांच्या कुत्र्यापर्यंत घसरले आणि चीनच्या युद्धातून देश सावरत असताना सरकारला दुबळे केले.

युद्धाचा आक्षेप आधी निकालात काढू, कारण त्यात सर्वांत कमी दम आहे. 1962 चा पराभव हेच तर जाब विचारण्याचे कारण होते. सैन्याची तयारी का नव्हती, हे संसदेत विचारायचे नाही तर कुठे विचारायचे? खुद्द नेहरूंनी या चर्चेचे स्वागत केले आणि सरकारची अशी परीक्षा अधूनमधून व्हावी असे म्हटले. ज्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला त्यांना ती देशद्रोहाची वाटली नाही. आज साठ वर्षांनी ती तशी ठरवण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळाला?

मतांचा हिशेब तर आधीच ठरलेला होता. त्या लोकसभेत काँग्रेसचे 361 खासदार निवडून आलेले होते. ठराव पडणार हे कृपलानींना ठाऊक होते, लोहियांनाही ठाऊक होते. जो निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता, तो दाखवून भाषण वाया गेले असे म्हणणाऱ्याने विरोधी पक्षाचे काम काय, याचा विचारच केलेला नाही.

आता आकड्याकडे येऊ. लोहिया म्हणाले, देशातले 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. 1961 च्या जनगणनेत लोकसंख्या 44 कोटींच्या आसपास होती. म्हणजे ते दर पाच माणसांतल्या तिघांविषयी बोलत होते. नेहरूंनी उत्तर दिले, पंधरा आणे. पंधरा आण्यांचे वर्षाचे साधारण 342 रुपये होतात, त्या काळच्या दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास. म्हणजे पंतप्रधान सरासरी सांगत होते. गिरणीमालक, संस्थानिक, सचिव आणि वेठीला जुंपलेला शेतमजूर या सगळ्यांचे उत्पन्न एकत्र करून, डोक्यांनी भागून आलेला तो आकडा. लोहियांचा प्रश्न तळाच्या साठ टक्क्यांचा होता, आणि त्याला सरासरी हे उत्तर होऊच शकत नव्हते.

पुढे काय घडले, ते आक्षेप घेणारे सोयीने विसरतात. वाद तिथे मिटला नाही. याच विषयावर सभागृहात पुन्हा चर्चा झाली आणि नियोजनाचे काम पाहणाऱ्या गुलझारीलाल नंदांनी नमुना पाहणीच्या आधारे तळाच्या साठ टक्क्यांचा आकडा दिला : साडेसात आणे. पंधराचे बरोबर निम्मे. काही आठवड्यांत सरकार निम्म्यावर उतरले, तेही स्वतःच्याच पाहणीच्या बळावर. ती माहिती सरकारच्या कपाटात आधीपासून होती. ती बाहेर यायला फर्रुखाबादचा एक नवा खासदार उभा राहावा लागला.

मग तीन आणे खरे होते का? साठ टक्क्यांच्या सरासरीसाठी तो आकडा कमीच होता, हे मान्य केले पाहिजे आणि मी ते मान्य करतो. पण तो हवेतून काढलेला नव्हता. 1956-57 च्या सरकारी शेतमजूर पाहणीत शेतमजूर कुटुंबातल्या माणसामागे वर्षाचे उत्पन्न सुमारे 99 रुपये निघाले. आधीच्या, 1950-51 च्या पाहणीत ते 104 होते. 99 रुपये म्हणजे दिवसाला सव्वाचार आण्यांच्या आसपास, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेची पाच वर्षे उलटून गेल्यावर ते आधीपेक्षाही खाली गेलेले. भूमिहीनांपुरते बोलायचे तर पंधरा आण्यांपेक्षा तीन आणेच सत्याच्या कितीतरी जवळ होते. लोहियांचा हिशेब एका टोकाला चुकला. पंतप्रधानांच्या उत्तराने मात्र तो गरीब माणूस हिशेबातूनच नाहीसा होत होता, आणि या दोन चुका एका मापाने तोलणे मला मान्य नाही.

1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास आला. 1960-61 च्या किमतींनुसार खेड्यात माणसामागे महिना 15 रुपये ही त्यांनी धरलेली रेषा; तिच्याखाली ग्रामीण जनतेतले 40 टक्के लोक होते. 15 रुपये महिना म्हणजे रोजचे जेमतेम आठ आणे. दांडेकर-रथांनी लोहियांचा धागा उचलला असे मी म्हणत नाही, त्यांची पद्धत निराळी होती. पण पंधरा आण्यांचे समाधान किती पोकळ होते, ते या कामातून पुन्हा दिसले.

राहिला कुत्रा. पंतप्रधानांच्या कुत्र्यावर रोज तीन रुपये आणि खुद्द पंतप्रधानांवर 25 हजार रुपये खर्च होतात, असे लोहिया म्हणाले. हा भाग मलाही खटकतो. पदाची व्यवस्था आणि सुरक्षा यांचा खर्च एका माणसाच्या नावावर टाकणे न्यायाचे नाही, आणि त्यामुळे वाद व्यक्तीवर घसरला. पण तो उल्लेख पुढे करून 27 कोटींची गोष्ट झाकायची, हे त्याहून वाईट. भाषणातली एक ओळ अनुचित होती, एवढ्यावरून भाषणाचा विषय रद्द होत नाही.

विरोधी खासदाराचे योगदान मोजायचे तर त्याच्या प्रश्नानंतर सरकारला कोणते उत्तर बदलावे लागले, ते पाहावे. या कसोटीवर 1963 चे लोहिया अनेक मंत्र्यांहून उजवे ठरतात. त्यांच्या हाती ना खाते होते, ना अधिकाऱ्यांची फौज. छापील अहवाल सगळ्यांपुढे होते. त्यांनी ते वाचले आणि हिंदीत, साध्या आण्यांच्या भाषेत मांडले. देशभर चहाच्या टपरीवरही तो वाद पोचला, तो त्यामुळेच.

हे जुने उकरायचे कारण आजचे आहे. 2017-18 च्या घरगुती खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. 2011-12 नंतरची पुढची आकडेवारी मिळाली ती 2022-23 च्या पाहणीतून. तिच्यानुसार खेड्यात माणसामागे महिन्याचा सरासरी खर्च 3,773 रुपये होता, आणि तळाच्या पाच टक्क्यांचा 1,373 रुपये, दिवसाला सुमारे 46. जाहिराती आणि भाषणे पहिल्या आकड्यावर होतात. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत विरोधी बाकांवरून दुसरा आकडा मोठ्याने वाचला जायला हवा, आणि वित्तमंत्र्यांकडून तळाच्या निम्म्या लोकांचा रोजचा खर्च, राज्यागणिक, दरवर्षी मागून घेतला पाहिजे.