समृद्धीवर सरासरी वेगाचं चलान: दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळली नाहीत तर?

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. इथे कारसाठी कमाल वेग आहे ताशी १२० किलोमीटर. कॅमेरा दिसला की ब्रेक, पुढे गेलं की पुन्हा सुसाट, या सवयीवर उपाय म्हणजे सरासरी वेग मोजणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयटीएमएस यंत्रणेत ही सोय आहे. समृद्धीवरही अशी यंत्रणा आणायचं नियोजन करण्यात आलं.

वेग मोजतात कसा?

पहिला कॅमेरा नंबर प्लेट आणि वेळ टिपतो. काही किलोमीटरवरचा दुसरा कॅमेराही तेच करतो. अंतराला वेळेने भागलं की सरासरी वेग मिळतो.

मग गडबड कुठे होऊ शकते?

समजा, कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर आहे. ताशी १२० ने जाणाऱ्या कारला ३०० सेकंद लागतील. पण दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ १० सेकंद मागे असेल, तर नोंद होईल २९० सेकंदांची, म्हणजे वेग १२४! नियम पाळणाऱ्याला चलान. घड्याळ १० सेकंद पुढे असेल, तर १२४ ने जाणारा सुटेल. अंतर १ किलोमीटरच असेल, तर हा घोळ व्हायला १ सेकंदाची चूक पुरते.

उपाय काय?

सगळे कॅमेरे नेटवर्कवरून एकाच सर्व्हरची वेळ घेतात. या पद्धतीला एनटीपी म्हणतात. यात फरक साधारण मिलिसेकंदांत राहतो आणि सरासरी वेगासाठी तेवढं पुरतं. कारखान्यात अनेक कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो घ्यायचा असेल, तर मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक असलेली पीटीपी पद्धत वापरतात. मात्र नेटवर्क तुटलं की प्रत्येक घड्याळ आपापल्या चालीने सरकू लागतं. म्हणून वेळ शेवटची कधी जुळवली, याची नोंद महत्त्वाची.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार अशा उपकरणाला मंजुरी प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. चलानासोबत फोटो, वेळ आणि ठिकाणही हवं.

सरासरी वेगाचं चलान चुकीचं वाटलं, तर दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा, त्यांच्यातलं अंतर आणि घड्याळं जुळवल्याची नोंद मागा. वेग फोटोत दिसत नाही, तो या आकड्यांवरूनच ठरतो.